मामांची पद्मिनी, १:१२ : खऱ्या गाडीवरून मॉडेल घडवताना

मामांची टॅक्सी १९९६ ची प्रीमियर पद्मिनी. २०१६ मध्ये तिला वीस वर्षं पूर्ण होत होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीसच्या पुढे परवानगी नाही. मामेभावाचा फोन आला, "गाडी पुढच्या महिन्यात भंगारात जाणार. तुला काय करायचं ते आताच कर." माझ्या हातात दोन रविवार होते.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं पॅटर्न मेकर आहे. फाउंड्रीत जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना आधी आम्ही घडवतो. त्यामुळे लाकूड, टेम्प्लेट, कानस यांची सवय होती, पण गाडीचं मॉडेल कधी केलं नव्हतं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीची खेळणी कुठेही मिळतात. मला मामांची गाडी हवी होती : डावा मडगार्ड बदललेली, डिकीत गॅसची टाकी बसवल्यापासून मागून जराशी बसलेली. अशी एखादी ठरावीक गाडी तुम्हालाही घडवायची असेल, वडिलांची जीप असो की आजोबांची ॲम्बेसेडर, तर पुढचं सगळं उपयोगी पडेल.

माप कोणतं घ्यावं

मी १:१२ घेतलं, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाचं. गाडीची लांबी ३९३० मिमी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २३४०, रुंदी १४६०. बाराने भागलं की लांबी ३२७.५, चाकांतलं अंतर बरोबर १९५, रुंदी १२१.७. कपाटाच्या फळीवर मावतं, आणि दाराचं हँडल, वायपर, आरसा हे हाताने करता येतं. १:२४ मध्ये हँडल जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं होतं, पन्नाशीच्या डोळ्यांना ते झेपत नाही. सगळं मिलिमीटरमध्ये मोजा, इंचांची पट्टी घरी ठेवा. आणि भागाकार करताना दशांश सोडू नका. पूर्ण आकडा करायचा तो थेट लाकडावर खूण करताना.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी लागते : सगळं बाराने भागता येत नाही. खरा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड, त्याचं बाराव्या हिश्शाचं माप कागदापेक्षाही पातळ होतं. म्हणून मॉडेलचा पत्रा जाडच राहतो, फक्त जिथे त्याची धार दिसते, म्हणजे चाकावरची कमान, खिडकीची चौकट, बॉनेटचा काठ, तिथे आतून घासून ०.३ मिमीपर्यंत बारीक करायचा. बघणारा जाडी नेहमी धारेवरूनच ओळखतो.

मोजणी

या कामाचा निम्मा जीव इथे आहे. घाई करायची असेल तर रंगात करा, मोजताना नको.

गाडी परळच्या एका चाळीच्या आवारात उभी होती. जमीन उताराची. म्हणून पहिलं काम पाणसळीचं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं आणि गाडीच्या चारही बाजूंना एकाच पातळीवर खुणा केल्या. त्या खुणांवरून मास्किंग टेप फिरवली. ही टेप म्हणजे शून्य. वर-खाली जे काही मोजायचं ते या टेपपासून. जमिनीपासून मोजलं असतं तर पुढचं आणि मागचं चाक यांत आवाराचा उतार मिसळला असता. चारही टायरांत हवा नीट भरून घ्या. डिकीतली टाकी मात्र काढू नका. गाडी जशी उभी राहायची तशीच मोजायची आहे.

नंतर गाडीच्या उजव्या अंगाला, पुढून मागे, सरळ दोरी ताणली. दोरीचं अंतर दोन्ही चाकांच्या मध्याला सारखं ठेवलं. दोरीवर दर १४४ मिमीला खूण. हा आकडा का, तर मला लाकडाऐवजी १२ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबलेली फळी) वापरायचा होता, आणि १४४ भागिले १२ म्हणजे १२. प्रत्येक खुणेवर गाडीचा जो आडवा छेद येईल तो म्हणजे मॉडेलचा एक थर. बंपर सोडून गाडीचे सव्वीस थर झाले.

छेद मोजायला मी दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप स्पिरिट लेव्हल लावून खुणेवर उभा धरायचो आणि त्यावर दर ५० मिमीला स्टीलची पट्टी आडवी सरकवून पत्र्याला टेकवायचो. पट्टीवरचा आकडा म्हणजे त्या उंचीला पत्रा किती आत. जिथे वळण जोरात आहे, जसं मडगार्डाचा माथा, तिथे दर २० मिमीला. मी आकडा मोठ्याने सांगायचो, मामेभाऊ वहीत लिहून तोच परत म्हणायचा. कंटाळा आला तरी ही परत म्हणायची पद्धत सोडू नका. "एकशे सोळा" आणि "एकशे सोळा नाही, एकसष्ट" हा घोळ आमचा पहिल्याच तासात झाला.

एक बाजू पूर्ण मोजायची, दुसऱ्या बाजूला सहा ठिकाणी पडताळायचं. पडताळताना डाव्या पुढच्या मडगार्डावर सहा मिमीचा फरक आला. मी पट्टी बदलून पुन्हा मोजलं, तरी तोच. शेवटी वर गॅलरीत बसलेल्या मामांना विचारलं. "अरे, तो बदललाय. दादरला बसने मारलं होतं. चोरबाजारातून दुसरा आणला." सहा मिमी म्हणजे मॉडेलवर अर्धा मिमी. तो मी ठेवला. बॉनेट आणि डावा मडगार्ड यांतली फट उजवीपेक्षा किंचित रुंद आहे, आणि गाडी ओळखणारे लोक आधी तिथेच बघतात.

दिवस संपण्याआधी बेरीज करून बघायची. पुढच्या बंपरपासून पुढच्या चाकाचा मध्य, तिथून मागच्या चाकाचा मध्य, तिथून मागचा बंपर, हे तीन आकडे मिळवून एकूण लांबीशी जुळतात का? माझी बेरीज ३९२६ आली, एकसलग टेपने ३९३०. चार मिमीचा फरक चालतो, मॉडेलवर तो तिसरा हिस्सा मिलिमीटर. दहाच्या वर फरक आला तर तिथेच, त्याच दिवशी परत मोजा. घरी आल्यावर गाडी नसते.

फोटोंविषयी थोडं. फोटोवरून माप काढायचा मोह आवरा. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं आणि डिकी आखडते. जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन, झूम करून, कॅमेरा गाडीच्या कमरेच्या उंचीला धरून काढा. मी दुसऱ्या रविवारी पहाटे सहाला गाडी गल्लीत ढकलून काढली, कारण आवारात सात मीटरपेक्षा मागे जाता येत नव्हतं. जाळी, मागचा उभा दिवा, नावाची अक्षरं यांचे फोटो समोरासमोर, शेजारी स्टीलची पट्टी चिकटवून. हे सपाट भाग असल्यामुळे इथे फोटोवरचं माप चालतं. आणि खाली झोपून गाडीच्या पोटाचे फोटो काढा. सायलेन्सर, पाटे, हँडब्रेकची तार हे नंतर कुठल्याही चित्रात सापडत नाही.

थरांचा ठोकळा

घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर बाजू, समोर आणि वरून असे तीन आराखडे १:१२ मध्ये काढले, मग सव्वीस छेद. प्रत्येक बिंदू दोन आराखड्यांत एकाच जागी यायला हवा. नाही आला तर वहीतला आकडा चुकला आहे. मला असे अकरा आकडे सापडले.

आता माझी मोठी चूक. बाजारात १२ मिमी म्हणून मिळणारा एमडीएफ व्हर्नियरने मोजला तर ११.८ निघाला. मी मोजला तो थर कापून झाल्यावर. सव्वीस थरांत ०.२ म्हणजे ५.२ मिमी, खऱ्या गाडीत सहा सेंटिमीटरच्या वर. एवढ्यात मागचं दार आखूड दिसलं असतं. उपाय म्हणून प्रत्येक दोन थरांमध्ये ०.२ मिमीचा लाल कार्डपेपर चिकटवला. लांबी तर भरून निघालीच, आणि त्या लाल कागदाने पुढच्या कामात इतकी मदत केली की आता मी पूर्ण जाडीचा एमडीएफ मिळाला तरी रंगीत कागद घालेन, फक्त छेदांचं अंतर त्या हिशोबाने मोजेन.

कारण असं : प्रत्येक थर त्याच्या दोन तोंडांपैकी मोठ्या तोंडाच्या आकाराचा कापायचा. थर चिकटवले की पायऱ्या-पायऱ्यांची गाडी दिसते. त्या पायऱ्या उतरवत गेलं की लाल रेघा उघड्या पडतात, डोंगराच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या. डाव्या बाजूची रेघ जिथे वळते तिथेच उजवी वळते का, हे नजरेला लगेच कळतं. रेघ एका जागी जाड झाली तर तिथे पृष्ठभाग तिरपा उतरलाय असं समजायचं. पत्र्याचं वळण बोटांना कळतं, पण बोटं थकतात. रेघ थकत नाही.

थर सरकू नयेत म्हणून मध्यरेषेवर आरपार दोन भोकं, त्यांत ८ मिमीचे डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या. चिकटवायला साधं फेव्हिकॉल, शिकंजात रात्रभर. एकावेळी सहापेक्षा जास्त थर चिकटवू नका, ओल्या फेव्हिकॉलवर ते घसरतात.

घडवताना आधी जाड कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीवर ताणून. पेपर नुसता हातात धरून घासलं की बोटांच्या खाली खड्डे पडतात, आणि काळ्या रंगात ते सगळे दिसतात. छेदांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे टेम्प्लेट सतत लावून बघायचे. पद्मिनीत तीन जागा फार जपायच्या. दिव्यांवर मडगार्ड पुढे येतो ती भुवई. दाराच्या वरच्या कडेने मागे जाणारी रेघ, जी शेवटी शेपटीच्या छोट्या पंखात मिळते. आणि छताचा मागचा उतार. फियाट ११०० ची ही घडण साठच्या दशकाच्या सुरुवातीची, वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती शतक संपेपर्यंत निघत राहिली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. इतकी वर्षं डोळ्यासमोर असलेली गाडी, त्यामुळे छताचा उतार दोन मिमी चुकला तरी मुंबईच्या माणसाला "काहीतरी वेगळं आहे" असं वाटतं, त्याला कारण सांगता येत नसलं तरी.

घडवून झाल्यावर सँडिंग सीलरचे चार हात, मग पुट्टी, मग पुन्हा घासणं. एमडीएफची कड सीलर पिऊन टाकते, तिला दोन हात जास्त.

साचा आणि कवच

ठोकळ्यावरून फायबरचा साचा, साच्यातून फायबरचं कवच. इथे आमच्या धंद्यातला पहिला धडा कामाला आला : साचा सुटणार कसा? कमरेखाली पद्मिनीचं अंग आत वळतं, म्हणून साचा वर उचलता येत नाही. बाजूला ओढावा तर शेपटीचे पंख आतल्या अंगाने अडवतात. म्हणून मी पाच तुकडे केले. दोन बाजू, वरचा भाग, पुढचं तोंड, मागचं तोंड. जोडाची रेघ छताभोवतीच्या पन्हळीत आणि मडगार्डांच्या माथ्यावर घेतली. तिथे जोडाचा दाणा राहिला तरी तो खऱ्या गाडीतल्या कडेत लपतो. मेण चार वेळा लावा, प्रत्येक वेळी कोरड्या मऊ कापडाने पुसून चमक आणा. त्यावर साचा सोडवणाऱ्या द्रावणाचा एक पातळ हात.

रेझिनबद्दल मनापासून सांगतो. ते घट्ट व्हायला त्यात दोन द्रावणं घालतात, कोबाल्ट आणि हार्डनर. हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर टाकायचा, एक ते दोन टक्के. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, वाफेचा मास्क, आणि काम उघड्यावर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

कवच दीड मिमीचं ठेवलं. आधी काचेच्या धाग्यांची बारीक, पृष्ठभागासाठीची चटई, मग एक थर साधी. चोवीस तास साच्यातून काढू नका. लवकर काढलेलं छत दोन दिवसांत वाकतं.

दारांच्या फटी कवचावर ओरखडून घेतल्या. हॅक्सॉचं तुटकं पातं ग्राइंडरवर घासून आकडीसारखं टोक केलं. खरी फट पाच मिमीची, म्हणजे मॉडेलवर ०.४. लवचिक पट्टी दुहेरी टेपने चिकटवायची आणि पहिले दहा फेरे जोर न देता, फक्त अवजाराच्या वजनाने. एकदा रेघ पडली की मग ती स्वतःच अवजाराला धरून ठेवते.

बारीकसारीक

चाकं शेजारच्या टर्नरने लेथवर काळ्या नायलॉनची काढून दिली, व्यास ५१ मिमी. टायरवर खोबणी लेथवरच. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे कानशीने चपटी जागा करा, सव्वा-दीड मिमी उतरवून. हे केलं नाही तर मॉडेल हवेत ठेवल्यासारखं दिसतं. गाडीला वजन आहे हे टायरच सांगतो.

जाळी आणि बंपर पितळेचे. जाळीच्या आडव्या पट्ट्या एका लाकडी जिगमध्ये (पट्ट्या जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत) बसवून मागून झाळल्या. मग सगळं एकदम निकेल-क्रोम करून आणलं. प्लेटिंगआधी घासणं पूर्ण व्हायला हवं, क्रोम ओरखडा झाकत नाही, उलट दाखवतो. दिव्यांच्या काचांसाठी एक मिमीचा ॲक्रिलिक गरम करून बेअरिंगच्या गोळ्यावर दाबला. छतावरच्या कॅरिअरला दीड मिमीची पितळी तार. गॅसच्या टाकीने डिकी भरल्यामुळे टॅक्सीचं सामान वरच जायचं, म्हणून कॅरिअरच्या पट्ट्या मधोमध घासून रंग उडालेला दाखवला.

आत पुढे सलग सीट, स्टीअरिंगच्या दांड्यावर डाव्या अंगाला गिअरचा दांडा, दाराच्या पुढच्या त्रिकोणी काचा. सीटला रेक्झिन लावू नका, या मापात ते गालिच्यासारखं जाड दिसतं. मी जुन्या सुती धोतराचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून बसवला आणि रंगवला. मामांच्या डॅशबोर्डवर गणपती होता, तो मी तांदळाच्या दाण्याएवढा शिवणीच्या लाकडातून कोरला.

मीटरचा प्रश्न पडला. जुना यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या अंगाला काचेच्या पुढे असायचा. या गाडीचा तो केव्हाच निघाला होता, पण त्याच्या पट्टीच्या बोल्टांची भोकं पुट्टी भरून बुजवलेली दिसत होती. मित्रांनी आग्रह केला, मीटर लाव, त्याशिवाय टॅक्सी कसली. मी नाही लावला. मोजली त्या दिवशी जी गाडी होती ती करायची. बुजवलेली भोकं मात्र केली, पुट्टी किंचित उंच राहिलेली, तशीच.

रंग

आधी राखाडी सरफेसर. त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा, ज्याला गॅरेजवाले गाइड कोट म्हणतात. वाळल्यावर ४०० नंबरच्या पाणपेपरने, पट्टीवर ताणून, घासायचं. जिथे काळं शिल्लक राहिलं तिथे खड्डा. भरा, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. मी हे सात वेळा केलं.

पिवळा आधी, काळा नंतर. पिवळा रंग खालचं झाकत नाही, म्हणून छतावर आधी पांढरा अस्तर हवा. पिवळा पूर्ण वाळल्यावर छताची पन्हळ धरून टेप लावायची आणि काळा मारायचा. डब्यातला शुद्ध काळा वापरू नका. एवढ्याशा गाडीवर तो खेळण्यासारखा दिसतो. त्यात थोडा पांढरा आणि थेंबभर तपकिरी घाला. आणि पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका, दमट हवेत तो दुधाळ पडतो. माझं बॉनेट जुलैत पांढरं झालं, मी दिवाळीपर्यंत थांबलो.

नंबरप्लेट पिवळी, काळी अक्षरं, फोटोवरून छापलेली.

चौदा महिने लागले, रोज रात्री दोन तास. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी नाही. मामांच्या गाडीने तर आधीच निरोप घेतलेला. मॉडेल मी त्यांना गावी नेऊन दिलं. त्यांनी ते ओसरीवर उजेडात धरलं, फिरवून बघितलं, डावा मडगार्ड अंगठ्याने चाचपला. मग म्हणाले, "मागच्या डाव्या दाराचं हँडल लोंबायचं रे. पॅसेंजर ओढून ओढून सैल झालेलं."

फोटो काढून बघितले. खरंच, मागचं टोक खाली आलेलं होतं, मी सरळ बसवलं होतं. त्यांच्या समोरच ते काढलं आणि पुढच्या पिनेवर फिरवून मागचं टोक अर्धा मिमी खाली घेतलं. तेव्हा हँडलं बसवताना ॲरल्डाइट लावू नका. ०.८ मिमीची पितळी पिन करा, भोकात घट्ट बसेल इतकीच, म्हणजे नंतर फिरवता येते.